रोजचाच नाका, रोजचीच झडती

आमच्या महिला मंडळाची बैठक दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी असते. विषय ठरलेले. बचत गटाचे हप्ते, कुणाच्या घरचं आजारपण, शाळेच्या पोषण आहाराची तक्रार, मग चहा आणि गप्पा. गेल्या महिन्यात मात्र आमच्या वाडीतली एक सून आली ती रडवेल्या चेहऱ्याने. कोपऱ्यात बसली, चहाही घेतला नाही. बैठक संपल्यावर हळूच माझ्याजवळ येऊन म्हणाली, "काकी, माका आता ही नोकरी सोडूक लागतली."

मी चकितच झाले. पोरगी नर्स आहे. सीमेपलीकडे गोव्यात, म्हापशाला एका खासगी रुग्णालयात दोन वर्षं नोकरी करते. पगार नियमित, काम मनापासून. सकाळी आठची ड्यूटी. घरचं आवरून, मुलाचा डबा भरून सव्वासहाला स्कूटीवरून निघते. मग सोडायचं कशासाठी? नवऱ्याचा जाच? सासूची कुरकुर? की तिथल्या डॉक्टरांचा त्रास?

यातलं काहीच नव्हतं. त्रास होता नाक्याचा!

आठवड्यातून चार चार वेळा तिची गाडी थांबवतात. लायसन्स दाखवा, आरसी दाखवा, विमा, पीयूसी. सगळं असतं तिच्याकडे, प्लास्टिकच्या पिशवीत नीट घालून डिकीत ठेवलेलं. पण दाखवायला वेळ लागतो ना! पुढे ट्रकवाल्याशी वाद चाललेला असतो, मागे पर्यटकांच्या गाड्यांची रांग असते, आणि ही बिचारी हेल्मेट हातात धरून उभी. कधी दहा मिनिटं, कधी वीस. महिन्यात तीन वेळा उशीर झाला की रुग्णालयात अर्ध्या दिवसाचा पगार कापतात. तो कापला. म्हणून ती घरून आणखी वीस मिनिटं आधी निघायला लागली. मग मुलाचा डबा सासूवर आला. सासू चार दिवस गप्प राहिली, पाचव्या दिवशी म्हणाली, "रोज रोज पोलीस थांबयतत तुका. लोकां काय म्हणतली?"

मैत्रिणींनो, हे शेवटचं वाक्य नीट वाचा. त्या पोरीच्या नोकरीवर घाला आला आहे तो पगारकपातीमुळे नाही. "लोकां काय म्हणतली" यामुळे आला आहे. मोठ्या शहरात पोलिसाने गाडी थांबवली तर बघायला कुणाला वेळ नसतो. आमच्याकडे नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर चार ओळखीची माणसं असतातच. सकाळी सातला सून पोलिसाबरोबर बोलत उभी होती ही बातमी ती घरी परतायच्या आत अंगणात पोचलेली असते. पुरुषाची गाडी थांबवली तर तो "साले रोजचंच आहे" म्हणून हसण्यावारी नेतो. बाईला थांबवलं की तिनेच काहीतरी केलं असणार!

कोणता नाका ते मी लिहीत नाही. तो कोणत्या राज्याचा, कोणत्या खात्याचा हेही सांगत नाही. एक तर त्या पोरीला रोज तिथूनच जायचं आहे. दुसरं म्हणजे नाव बदललं तरी गोष्ट तीच आहे, हे मला गेल्या महिनाभरात पंचवीस-तीस बायकांशी बोलल्यावर कळून चुकलं आहे.

ज्यांना आमचा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. सिंधुदुर्गाचा दक्षिणेकडचा तुकडा म्हणजे सावंतवाडी, बांदा, दोडामार्ग, सातार्डा, आरोंदा. आमचा जिल्हा सिंधुदुर्ग खरा, पण आमचं पोट गोव्यावर आहे. बांद्याहून म्हापसं तासाभराच्या आत येतं. मुंबई रात्रभराची. शुक्रवारच्या म्हापशाच्या बाजारात आमच्या बायका भाजी, कोकमं, काजूगर घेऊन जातात. पोरंपोरी हॉटेलांत, कारखान्यांत, दुकानांत कामाला जातात. जानेवारी २०२३ मध्ये मोप्याचा विमानतळ सुरू झाला, तोही आमच्या उंबऱ्याशी, पेडणे तालुक्यात. पत्रादेवीवरून जा, दोडामार्गावरून जा, सातार्ड्याच्या किंवा आरोंदा-किरणपाणीच्या पुलावरून तेरेखोलची खाडी ओलांडा, पलीकडे माणसं आपलीच. पेडणं तर एके काळी सावंतवाडीकर भोसल्यांच्या ताब्यात होतं. माझी थोरली नणंद पेडण्यात दिली आहे. तिची जाऊ आमच्या बांद्याची. सोयरीक कुठे सुरू होते आणि राज्य कुठे संपतं, हे रस्त्यावरची पाटी नसती तर कळलंही नसतं.

आणि आजारपण? ते तर विचारूच नका. आमच्याकडे माणूस जास्त झालं की कुणी "हॉस्पिटल" म्हणत नाही. "बांबोळीला न्या" असं म्हणतात. गोवा मेडिकल कॉलेजचं नावच आमच्यासाठी बांबोळी. २०१८ पासून परराज्यातल्या रुग्णांना तिथे शुल्क सुरू झालं तेव्हा दोडामार्गात केवढं आंदोलन उभं राहिलं होतं, ते पुष्कळजणींना आठवत असेल. मी स्वतः महिन्यातून दोनदा तरी कुणा ना कुणाला घेऊन जातेच. त्यातल्या एका दिवसाची गोष्ट पुढे सांगते.

आमची आजेसासू नाक्याच्या गोष्टी सांगायची त्या पोर्तुगीज काळातल्या. तेव्हा पलीकडे दुसऱ्या देशाचं सरकार. १५ ऑगस्ट १९५५ ला देशभरातून आलेले नि:शस्त्र सत्याग्रही पत्रादेवीहून आत शिरले आणि पोर्तुगीजांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्यांचं स्मारक अजून तिथे आहे, जाता येता दिसतं. त्या काळात माहेरवाशीण चार चार वर्षं माहेरी येऊ शकत नव्हती म्हणे. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला तेव्हा आजेसासूने देवळात नारळ फोडला होता, आता नणंद कधीही येईल म्हणून. पुढे १९६७ च्या जनमत कौलात गोव्याने महाराष्ट्रात विलीन न होता वेगळं राहायचं ठरवलं. त्यांचा तो हक्क होता, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. राज्यं दोन असली म्हणून काय झालं, देश एकच.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा वाटलं होतं की सुटलो. विक्रीकराचे नाके देशभर एकामागून एक बंद झाले, मोठ्या ट्रकांच्या रांगा कमी झाल्या. पण कराचा नाका गेला तरी बाकीचे राहिलेच. वाहतूक पोलीस आहेत, आरटीओ आहे, दारूसाठी उत्पादन शुल्कवाले आहेत, लाकडासाठी वनखातं आहे. आणि निवडणूक आली की पैशांसाठी आणखी एक पथक बसतं. एकाने सोडलं की पुढच्या वळणावर दुसरा हात करतो. त्याला पहिल्याने तपासलेलं मान्य नसतं. आपणही काय सांगणार? पहिल्याने तपासल्याचा कागद थोडाच दिलेला असतो!

करोनाच्या काळातले हाल आठवले तर अजून अंगावर काटा येतो. मार्च २०२० मध्ये सीमा बंद झाली ती थेट सप्टेंबरपर्यंत. आमच्या कितीतरी पोरांच्या नोकऱ्या तेव्हा गेल्या त्या गेल्याच. पण तो काळ वेगळा होता, सगळं जगच थांबलं होतं. त्याची तुलना आजच्याशी करणार नाही.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे कबूल करायला हवी. तपासणी नकोच असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. गोव्यात दारू स्वस्त आहे, कारण तिकडे कर कमी. महाराष्ट्रात ती परवान्याशिवाय आणणं गुन्हा आहे. तरीही आमच्या गावागावांत ती येते, आणि ती काही आकाशातून पडत नाही. ज्या घरात ती पोचते त्या घरातली बाई रात्री दोन वाजता आमच्या मंडळाचं दार वाजवते, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. मग ती दारू नाक्यावर पकडायला नको? पकडायलाच हवी. आणि आणखी एक कडू गोष्ट सांगते. दारूची वाहतूक करणारे लोक गाडीत मुद्दाम बाई बसवतात. कडेवर मूल असलं तर आणखीच बरं. बाई दिसली की गाडी सोडतात, हा त्यांचा हिशेब. त्यामुळे आता बाईची पिशवीही उघडून बघतात. म्हणजे आपल्याच चार जणींना पुढे करून आपल्याच माणसांनी आपल्या सगळ्यांच्या पिशव्या उघडायला लावल्या आहेत. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण लपवून काय उपयोग?

तेव्हा तपासणीला विरोध नाही. ती कशी होते, याचा संताप आहे.

नर्स पोरीला सोमवारी ज्याने थांबवलं त्यानेच बुधवारी थांबवलं आणि त्यानेच शनिवारी. तिने विचारलं, "दादा, रोज बघता मला, तेच कागद आहेत, पुन्हा कशाला?" तो म्हणाला, "वरून आदेश आहे." मोबाईलमधलं डिजिलॉकर दाखवलं तर म्हणाला, "ओरिजिनल दाखवा." ओरिजिनल काढून दिलं तर म्हणाला, "गोव्यात काम करता ना, मग तिकडचा नंबर का नाही घेतला?" आता बोला!

अहो, दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवली तर तिथली नोंदणी करावी लागते, हे मोटार वाहन कायद्यात आहे. पण त्या पोरीची स्कूटी तिथे राहतेच कुठे? ती रोज संध्याकाळी परत येते, रात्री आमच्याच वाडीत पडवीत उभी असते, तिच्यावर मांजर झोपतं. एमएच शून्य सात नंबर असणं हा काही गुन्हा नाही. तसाच पणजीहून आमच्या आठवडी बाजाराला येणाऱ्या माणसाचा जीए नंबर हाही गुन्हा नाही. त्यांनाही इकडे असंच अडवतात, हेही सांगितलंच पाहिजे.

डिजिलॉकरचं तर मला राहवेना. मी काही वकील नाही. मराठी घेऊन बीए झालेली बाई. पण वाचता येतं, आणि ओळखीच्या एका वकीलताईंकडे जाऊन बसले. त्यांनी जे दाखवलं ते वाचून मी थक्क झाले. १ ऑक्टोबर २०२० पासून केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत बदल केले आहेत. कागद इलेक्ट्रॉनिक स्वरूपात तपासून खरे ठरले तर मूळ कागदाची मागणी करायची नाही. एवढंच नाही, तपासणी केली की तिची तारीख, वेळ आणि तपासणाऱ्या अधिकाऱ्याची ओळख सरकारी पोर्टलवर नोंदवायची. कशासाठी? तर त्याच गाडीला पुन्हा पुन्हा थांबवायला लागू नये आणि चालकांना त्रास होऊ नये, म्हणून! म्हणजे त्या पोरीचं जे रडणं आहे ते दिल्लीत बसलेल्या कुणाला तरी आधीच सुचलेलं होतं. नियमही झाला. फक्त आमच्या नाक्यापर्यंत तो पोचला नाही.

पोचला नाही याला एक साधं कारण असंही आहे की तिथे मोबाईलला रेंज नसते. ना आपल्याला, ना त्यांना. झाडाखाली उभं राहून दोघंही फोन हवेत धरतात. हे दृश्य बघितलं की हसू येतं आणि रागही येतो. आता मी सगळ्या बायकांना सांगते, घरी असतानाच डिजिलॉकर उघडून कागद फोनमध्ये उतरवून ठेवा, आणि त्याबरोबर मूळ कागदही न्या. नियम आपल्या बाजूने असला तरी आठची ड्यूटी नियमासाठी थांबत नाही.

पण आपलं घरही जरा झाडून घेऊ या. या निमित्ताने मी मंडळातल्या बायकांना विचारलं, कुणाकुणाकडे काय काय कागद आहेत? तर काय सांगू! निम्म्या जणी स्कूटी चालवतात आणि लायसन्स नाही. "मुलाला शाळेत सोडण्यापुरतीच तर चालवते." गाडी नवऱ्याच्या नावावर, विम्याचा कागद कपाटात, कपाटाची किल्ली नवऱ्याकडे, नवरा मुंबईत. पोलिसाने "गाडी कुणाची?" विचारलं की बाई गडबडते. आणि तो लगेच "नवऱ्याला फोन लावा" म्हणतो. मला या वाक्याची फार चीड आहे. बाई चाळीस वर्षांची, दोन मुलांची आई, सरपंचपदाची निवडणूक लढवलेली, आणि तिला म्हणायचं नवऱ्याला फोन लावा! पण चीड आली तरी त्याच्या हातात हे वाक्य आपणच देतो, हेही खरं. गाडी कुणाच्याही नावावर असो, आपल्या नावाचं लायसन्स पर्समध्ये असलं आणि आरसी बरोबर असली तर नवऱ्याचा प्रश्नच कुठे येतो? लायसन्स एकदा निघालं की ते भारतभर चालतं. आणि विनापरवाना बायकोने नवऱ्याची गाडी चालवली तर तिला दंड होतोच, शिवाय गाडी चालवायला दिली म्हणून मालकाला वेगळा दंड होऊ शकतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर हे आकडे पाच पाच हजारांचे झाले आहेत. हे ऐकल्यावर आमच्या दोघी-तिघींचे नवरे स्वतःच लायसन्ससाठी मागे लागले!

विम्याची तर आणखी एक गंमत. १ सप्टेंबर २०१८ नंतर जी नवी दुचाकी विकत घेतली, तिला तृतीय पक्ष विमा एकदम पाच वर्षांचा घ्यावा लागतो. पाच वर्षं कुणी विचारत नाही, काही भरावं लागत नाही. त्यामुळे बायकांना वाटतं की विमा कायमचाच आहे. २०१९ च्या दसऱ्याला घेतलेल्या स्कूटीचा तो विमा २०२४ च्या दसऱ्याला संपला, हे लक्षात कुणाच्या? आमच्याकडे अशा चार गाड्या निघाल्या. नाक्यावर पकडलं तर दोन हजारांत भागेल. पण उद्या कुणाला धक्का लागला, माणूस जायबंदी झालं, तर भरपाई कुठून देणार? घर विकून?

हे सगळं मोठ्या तोऱ्यात बायकांना सांगत होते आणि त्याच आठवड्यात माझीच फजिती झाली. आमच्या गाडीला थांबवलं, मी ऐटीत पिशवी काढली, एकेक कागद टेबलावर ठेवावा तसा बॉनेटवर ठेवला. त्याने पीयूसी उचलली आणि शांतपणे म्हणाला, "ताई, ही अकरा दिवसांपूर्वी संपली." माझा चेहरा बघण्यासारखा झाला असणार. आधी वाद घालायचा प्रयत्न केला, खोटं कशाला बोलू. म्हटलं, अकरा दिवसांत गाडी काय लगेच धूर ओकायला लागली? मग गप्प बसून दंड भरला आणि पावती घेतली. पावती मागितल्यावर त्याने ती लगेच दिली, हेही लिहायला हवं. सगळेच वाईट नसतात.

आता त्या बांबोळीच्या दिवसाची गोष्ट. आमच्या शेजारच्या मावशींना केमोथेरपीसाठी न्यायचं होतं. भाड्याची ओम्नी केली. मावशी मागच्या सीटवर उशीला टेकून, त्यांची सून बाजूला, मी पुढे. एका नाक्यावर गाडी बाजूला घेतली. ड्रायव्हरचे कागद बरोबर होते. मग म्हणाले, मागचं सामान बघायचं आहे. सामान म्हणजे काय? एक कपड्यांची पिशवी, पेजेचा डबा, फाईल आणि एक बादली, उलटी झाली तर म्हणून. पिशवी सगळी उपसली. मावशींचे आतले कपडे रस्त्याकडेच्या बाकावर काढून ठेवले. मागून येणाऱ्या बसमधली माणसं माना वळवून बघत होती. मावशी काही बोलल्या नाहीत. डोक्यावरचा पदर फक्त आणखी पुढे ओढून घेतला. केस गेलेले होते ना.

परत येताना त्या मला म्हणाल्या, "पुढच्या खेपेक मी येवचंय नाय." मी समजूत काढली, आणखी चारच खेपा उरल्या आहेत म्हटलं. त्या म्हणाल्या, औषधाचा त्रास सोसेन, पण तो बाक नको.

त्या पुढच्या खेपेला आल्या. पण कशा आल्या ते मला आणि त्यांच्या सुनेलाच माहीत.

स्त्रीची अंगझडती घ्यायची तर ती स्त्रीनेच घ्यावी आणि तिची अब्रू सांभाळून घ्यावी, हे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होतं, आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. पण पिशवी म्हणजे अंग नाही, असं कुणी म्हणेल. कायद्याच्या भाषेत नसेलही. बाईला विचारा. नर्स पोरीच्या पर्समधलं पॅडचं पाकीट पुरुष पोलिसाने वर धरून "यात काय आहे?" विचारलं, तेव्हा तिला काय वाटलं असेल? त्याला खरंच ठाऊक नव्हतं की मुद्दाम विचारलं, देव जाणे. त्या दिवसापासून तिने पर्समध्ये पॅड ठेवणंच बंद केलं.

मग नाक्यावर महिला पोलीस का नसते? मीही हाच प्रश्न घेऊन गेले. तर एका नाक्यावर खरोखरच एक महिला पोलीस भेटली. पंचविशीतली असेल. भर दुपार, डोक्यावर एक फाटकं प्लास्टिक, खाली प्लास्टिकची खुर्ची. मी तिच्याशी भांडायच्या तयारीनेच गेले होते. पण तिने खुर्ची मला दिली आणि स्वतः उभी राहिली. बोलता बोलता म्हणाली, "ताई, सकाळपासून पाणी प्यायले नाही." का गं? तर इथे बायकांसाठी संडासच नाही. पुरुष झाडाआड जातात. ती कुठे जाणार? पाणी प्यायलं की पंचाईत, म्हणून पाणीच प्यायचं नाही. पाळीच्या दिवसांत कशी उभी राहतेस, हे विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं. नाही विचारलं. तिच्या चेहऱ्यावरून कळतच होतं. मी माझ्या बाटलीतलं पाणी पुढे केलं तर तिने मानेनेच नको म्हटलं.

त्या दिवसापासून माझं निवेदन बदललं. आधी त्यात एवढंच होतं की महिला पोलीस नेमा. आता त्याच्या आधी एक ओळ घातली आहे: नाक्यावर महिलांसाठी पाणी असलेलं स्वच्छतागृह बांधा. ते झालं तर महिला पोलीस तिथे टिकेल, ती टिकली तर आपली पिशवी आपल्यासारखीच कुणी तरी उघडेल, आणि ती शेडमध्ये आडोशाला उघडेल, रस्त्यावरच्या बाकावर नाही.

बाकी मागण्या साध्याच आहेत. रोज कामाला ये-जा करणाऱ्यांची गाडी एकदा नीट तपासून त्यांची नोंद ठेवा. २०२० चा नियम तेच तर सांगतो. विमा, पीयूसी ज्या तारखेला संपते ती तारीख नोंदीत असली की तोपर्यंत कागदांसाठी रोज थांबवण्याचं कारण काय? संशय आला, खबर मिळाली, तर जरूर थांबवा. आणि सकाळी सहा ते आठ या वेळेत, जेव्हा सगळ्या कामावर जाणाऱ्या बायकाच असतात, दुचाकींची रांग ट्रकांपासून वेगळी करा. रुग्णाची गाडी असेल तर आधी फाईल बघा, मग पिशवी. यात एक पैशाचा खर्च नाही. एका राज्याने करून भागणार नाही, हे मात्र खरं. निवेदनाच्या दोन प्रती काढल्या आहेत. एक आमच्या जिल्हाधिकाऱ्यांना, एक पलीकडच्या. पलीकडची प्रत माझी पेडण्याची नणंद आणि तिच्या मंडळातल्या बायका नेऊन देणार आहेत.

आतापर्यंत एकशे चौदा सह्या झाल्या. मावशींची सही आहे. नर्स पोरीची नाही. ती म्हणाली, "काकी, माझा नाव नको, माका रोज थयसून जावचा असा." मी आग्रह केला नाही. तिच्या सासूने मात्र माझ्या हातातून पेन घेतलं आणि सूनबाईच्या जागी आपलं नाव लिहिलं. मग लगेच सुनेकडे बघून "उद्या लवकर निघ, डबो मी भरतंय" असं काहीतरी पुटपुटली. नोकरी सोडायचं तूर्त तरी टळलं आहे. किती दिवस, ते सांगता येत नाही. परवाही तिला थांबवलं होतं, पण पाच मिनिटांत सोडलं.

पुढची बैठक नेहमीप्रमाणे दुसऱ्या शनिवारी, दुपारी चार वाजता आहे. येताना प्रत्येकीने आपल्या गाडीची आरसी, विमा आणि पीयूसी घेऊन यायची आहे. तारखा आपण सगळ्या मिळून वहीत लिहून ठेवू. ज्यांना लायसन्स काढायचं आहे त्यांनी आधार कार्ड आणि आधारला जोडलेला मोबाईल आणावा. शिकाऊ परवान्याचा अर्ज महाराष्ट्रात २०२१ पासून घरबसल्या करता येतो, दोघी कॉलेजच्या मुली तो भरून द्यायला येणार आहेत. कागद नवऱ्याच्या कपाटात असतील तर किल्ली आत्ताच मागून ठेवा, आयत्या वेळी सापडत नाही.